तिसऱ्या दिवसाची नोंद

डॉक्टर घैसासांना शर्टाचं एक बटण लावायला बावीस सेकंद लागले. समोर आरामखुर्चीत रेललेल्या कुमुदिनीताईंनी ते मनात मोजले. डॉक्टरांच्या अंगात ताईंचा थकवा होता; मनगटावरच्या पट्टीतून तो तीन दिवस शिरत होता. रुग्णाचा थकवा अंगावर घेतल्याशिवाय ताईंसारख्या सततच्या थकव्याच्या आजारावरचं संशोधन तपासायचं नाही, असा आता नियमच होता.

"परवा पट्टी बांधून व्यायाम केलात, तेव्हा हसत होतात," ताई म्हणाल्या.

"आज कंगवासुद्धा जड वाटतोय. अकरा वर्षं कशी काढलीत?"

"सुरुवातीला तुम्हीच याला आळस म्हणाला होतात, डॉक्टर."

घैसास ओशाळले. व्यायामाने हा आजार बरा होतो, असं सांगणारा शोधनिबंध दोन वर्षं त्यांच्याकडे तपासणीसाठी अडला होता. तो मंजूर झाला, की प्रत्येक रुग्णाला व्यायामाची सक्ती होणार होती. त्यांनी पान उलटलं.

"व्यायाम सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी चाळीसजण आलेच नाहीत. निबंध लिहिणाऱ्यांनी नुसतं 'गैरहजर' लिहून त्यांना निष्कर्षातून वगळलंय. ताई, आज मला कार्यालयात जावं लागलं असतं, तर मीही गैरहजरच असतो!"

ताईंची मान ताठ झाली. कुणीच न मानलेला त्यांचा थकवा आज सगळ्या रुग्णांच्या बाजूने साक्षीला उभा होता.

घैसासांनी संशोधन मंजूर करणाऱ्या समितीला फोन लावला.

"निबंध नामंजूर."