मावशीचं टपाल

ठेकेदार म्हणतो, ही गल्ली नकाशातच नाही. मग मी काय हवेत राहते? शेजारची घरं त्याने पाडली, माझं तेवढं उभं आहे. जिथे टपाल पोचतं, तो पत्ता खोटा कसा? म्हणून दर आठवड्याला मी कोपऱ्यावरच्या पेटीत स्वतःलाच कार्ड टाकायचे, शिक्का बसून आलं की त्याच्या नाकासमोर नाचवायचे. परवा त्याने पेटीच उपटली. आज बुलडोझर दारात आणून म्हणाला, “मावशी, आता कोण लिहिणार तुम्हाला? निघा.” मी उंबऱ्यावरच बसले. तेवढ्यात सायकलची घंटा वाजली. पोस्टमनने त्याच्याकडे ढुंकूनही न बघता माझ्या मांडीवर पिशवी उपडी केली. कार्डंच कार्डं. प्रत्येकावर माझा पत्ता, कालचा शिक्का, खाली पोस्टातल्या सगळ्यांच्या सह्या: तिकीटवाली, शिक्केवाला, थैल्या बांधणारा. मजकूर एकच: “मावशी, कशा आहात?” ठेकेदाराला म्हटलं, “बुलडोझर मागे घे. उत्तरं लिहायचीत मला.”