फडक्याचा हात

या माउलींनो, जरा जवळ सरका. एवढीशीच गोष्ट आहे, पण मन लावून ऐका.

सौदीतल्या अल-खोबरच्या फ्लॅटमध्ये बसून, तिथे नोकरीला असलेला ज्ञानेश एकेक फोटो उडवत होता. सिक्कीममधल्या एका हिमशिखरासमोर, एका म्हातारीच्या ओसरीवर त्याने कॅमेरा बसवून ठेवला होता. कॅमेरा दर तासाला फोटो काढी आणि इकडे पाठवी. ते भराभर पळवले की वर्षभरात हिमनदी किती मागे सरली, ते मिनिटभरात दिसणार होतं. फक्त सकाळच्या पहिल्या फोटोत म्हातारीचा हात मधे यायचा, फडक्यासकट. तेवढे फोटो खराब म्हणून तो कायमचे काढून टाकी.

फिल्मचं नाव तेवढं अडलं होतं. नकाशावर कुणा गोऱ्या साहेबाचं नाव होतं. ज्ञानेशला तिथल्या लेपचा लोकांमधलं डोंगराचं खरं नाव हवं होतं. कॅमेरा बसवताना ते विचारायचं सुचलं नव्हतं. ते आता एकट्या म्हातारीला येत होतं, आणि फोनवर ती सांगत नव्हती. डोंगराचं नाव त्याच्याकडे तोंड करूनच घ्यायचं, ही त्यांची रीत.

"ये बाबा, समोर उभा राहून ऐक," ती म्हणायची.

हा येतो म्हणायचा. मग कधी प्लांटचं शटडाउन निघे, कधी कफील, म्हणजे तिथला मालक, सुट्टी अडवी. "डोंगर कुठे पळतोय, असंच ना?" त्याची बायको रूपाली टोमणा मारायची.

फेब्रुवारीत फोटो पांढरेफटक येऊ लागले. ज्ञानेशने वैतागून म्हातारीच्या शेजारच्या विजयला फोन लावला. कॅमेरा बिघडलाय, जरा बघ, म्हणाला.

"कॅमेरा ठीक आहे, सर. काचेवर बर्फ बसलाय. रोज आमा पुसायची. आमा गेली."

आणि डोंगराचं नाव? ते गावात दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं.

ज्ञानेशने जुने फोटो उघडून तिचा हात शोधला. वर्षभर डोंगर लख्ख दिसला तो त्या फडक्यामुळे. आणि तोच हात त्याने रोज उडवला होता. त्या हाताचा एकही फोटो उरला नव्हता.

"मग तिचं नाव दे फिल्मला," रूपाली हळूच म्हणाली.

तिचं नाव? आमा म्हणजे तिकडे आई. सगळेच तिला आमा म्हणत. डोंगराचं नाव त्याने वर्षभर मागितलं, तिचं कधी विचारलंच नव्हतं.

विजयला विचारलं तर कळेल आता. पण हाक मारली तर ओ कोण देणार?

म्हणून मागणं एवढंच, माउलींनो. आज देवाचं नाव घ्याल, तेव्हा तिचीही आठवण काढा.