एका फ्यूजवर दोन

फ्यूजच्या डब्याचं झाकण गंजानं घट्ट धरलं होतं. गुणाजीनं स्क्रू ड्रायव्हरचं टोक फटीत घालून दोन दणके दिले, तेव्हा कुठे ते निघालं. आत बघितलं आणि त्याचा हात तिथेच थांबला. बत्तीचं बटण खाली होतं. खाली म्हणजे चालू.

त्यानं ते वर करून पाहिलं. हलेना. आठ महिन्यांच्या खाऱ्या हवेनं ते जागच्या जागी चिकटवून टाकलं होतं. मग त्यानं चिनी मातीचा फ्यूज ओढून काढला. आतली तार जळून गेली होती. दोन्ही टोकांना काळे मणी तेवढे उरले होते.

होडी वर्सोव्याला, धोंडू नाखवाच्या दारासमोरच पुळणीत ओढून ठेवली होती. थंडीत एका रात्री मोठ्या ट्रॉलरनं तिला अंधारात धडक दिली, आणि नांगर टाकून आत झोपलेला नाखवाचा थोरला मुलगा कुंडलिक गेला. दुसऱ्या दिवसापासून होडी इथेच होती. ट्रॉलरवाले म्हणाले, होडीवर बत्तीच नव्हती. कोळीवाडा म्हणाला, बायकोशी भांडून पिऊन गेला असणार, बत्ती लावायची शुद्ध कुठली! आणि हे सगळ्यात मोठ्यानं म्हणणारा खुद्द नाखवा होता. सुनेला, वनमालाला, त्यानं तेराव्याच्या दिवशीच खाडीपलीकडे मढला माहेरी पाठवून दिलं. आता नारळी पौर्णिमेनंतर धाकटा मुलगा होडी काढणार होता, म्हणून सगळी वायरिंग नवी करायला गुणाजीला बोलावणं आलं होतं.

जुनी वायरिंगही गुणाजीच्याच हातची. संपात गिरणी गेली, तेव्हापासून अंधेरीपासून वर्सोव्यापर्यंत मिळेल ते काम तो करी. गिरणीत त्याच्या हाताला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती. या होडीचं काम संपत आलं होतं तेव्हा कुंडलिक गाणी ऐकायला नवा कोरा टेप घेऊन आला होता. "काका, एवढा लावून द्या ना, झकास होईल." डब्यात जागा नव्हती, जास्तीचा फ्यूज आणायला पुन्हा अंधेरीला जावं लागलं असतं. टेपला असा किती करंट लागतो, म्हणून गुणाजीनं त्याची वायर बत्तीच्याच फ्यूजवर पिळून दिली. मग वनमालाच्या हातचे तळलेले बोंबील खाऊन तो घरी गेला.

कुंडलिक गेल्याचं कळलं तेव्हा त्याला आधी ती पिळून दिलेली वायर आठवली होती. पाठोपाठ 'पिऊन गेला' हेही कळलं, आणि सांगायला लाज वाटते, पण त्याला हायसं वाटलं. आपल्या सोयीचं असलं की माणूस कशावरही विश्वास ठेवतो. नंतर तो या बाजूला फिरकलाच नव्हता.

आता त्यानं टेपची वायर हातानं चाचपत नेली. टेप समुद्रात गेला होता, वायर शिल्लक होती. फळीखाली ती खिळ्यावर घासून सोलली होती. दोन्ही तारा उघड्या पडून एकमेकींना लागल्या होत्या, हिरव्या पडल्या होत्या. वीतभर तुकडा. कापून पिशवीत टाकला असता तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

गुणाजीनं पक्कड त्या तुकड्याला लावली, आणि परत खाली ठेवली. मग त्यानं हाक मारली. "नाखवा, जरा वर या."

दारात जाळं सांधत बसलेला नाखवा कुरकुरत होडीवर चढला. "काय रे, बॅटरी गेली काय?"

"नाखवा, कुंडलिकनं बत्ती लावली होती."

नाखवा डब्याशी वाकला.

"हे बघा. बटण चालू आहे. तो झोपला तेव्हा बत्ती जळत होती. मागाहून टेपची वायर शॉर्ट झाली, फ्यूज उडाला, बत्ती गेली." गुणाजीनं सोललेली वायर त्याच्यापुढे धरली. "दोन्ही एका फ्यूजवर मी जोडलं होतं. वेगळा फ्यूज घालायला हवा होता. मी आळस केला. चूक माझी आहे, नाखवा."

नाखवा खाली बसला. जाड अंगठ्यानं त्यानं बटण दाबून पाहिलं, वर ढकलून पाहिलं. पुन्हा दाबलं.

"खाली म्हंजे चालू ना?"

"चालू."

"पिऊन पडलेला माणूस बत्ती लावतो काय रे?"

"नाही."

कोळ्याची शिवी सात पिढ्या उकरून काढते. गुणाजी मान खाली घालून तिची वाट बघत होता. त्याला ती हवी होती. दोन मुस्काटात बसल्या असत्या तरी त्यानं गाल पुढे केला असता. पण नाखवाला त्याचं बोलणं अर्धंच ऐकू गेलं असावं. तो त्या बटणावरून हात काढत नव्हता.

"तेराव्याला ती पाया पडली माझ्या," नाखवा म्हणाला. "वनमाला. म्हणाली, मामा, मला घालवा, पण एकदा होडीवर जाऊन बटण बघून या. ते बत्ती लावल्याबिगर झोपायचे नाय. नुस्ता बघून या, म्हणाली."



नाखवानं मान वळवून आपल्या दाराकडे बघितलं. अर्धं सांधलेलं जाळं उंबऱ्यावर पडलं होतं.

"वीस पावलांवर व्हती रे होडी," तो म्हणाला. "वीस पण नाय."