दोन बोटांचे आभार

ठक ठक! ह्यांनी पुन्हा टेबलावर दोन बोटं वाजवली आणि मी पुन्हा किटली घेऊन बाहेर आले.

चीनची सहल करून आल्यापासून ह्यांना दूध-साखरेचा चहा अडाणीपणाचा वाटतो. आता इवल्याशा कपांतून हिरवट पाणी भुरकायचं आणि येईल त्याला इतिहास पाजायचा. आज शेजारचे उकिडवे नवरा-बायको सापडले होते.

"चहा ओतणाऱ्याचे तिकडे असे आभार मानतात," हे सांगत होते. "एक राजा वेष पालटून हिंडायचा. एकदा त्यानं आपल्या नोकराला चहा ओतून दिला. पाया पडावं तर राजाचं बिंग फुटणार! म्हणून नोकरानं बोटं वाकवून टेबलावरच दंडवत घातला. याला म्हणतात संस्कृती!" आणि माझ्याकडे न बघता रिकामा कप सरकवून ठक ठक.

"म्हणजे चहा राजानं ओतला?" मी विचारलं.

"हो तर! स्वतःच्या हातानं!"

मी किटली ह्यांच्यापुढे ठेवली, खुर्ची ओढून ऐसपैस बसले आणि टेबलावर दोन बोटं वाजवली.

उकिडवेवहिनींनीही आपला कप पुढे सरकवला.