गुरगुरणारा सूर

आलेदाने तीस वर्षे ज्यावर कीर्ती मिळविली ते व्हायोलिन संगीतसंस्थेचे होते. साठी उलटताच ते पुढील कलावंतास सोपवावे, असा नियम होता. म्हणून संस्थेच्या उत्रेख्त शहरातील कार्यालयात तिने ते स्वहस्ते शिष्येला, मिर्थेला, दिले. त्यातील एक सूर लांडग्यासारखा गुरगुरत असे. त्याला माणसाळविण्यात तिची अकरा वर्षे गेली होती. ती युक्ती तिने मत्सरापोटी सांगितली नाही. मिर्थेने गज फिरविला आणि सूर गुरगुरला. आलेदाने समाधानाने कॉफीचा घोट घेतला. “अगंबाई, चावतंय की हे!” हसत मिर्थेने गज किंचित सरकविला, आणि तोच सूर निर्मळ उमटला. चिटणीस म्हणाले, “आलेदाबाई, इतकी वर्षं हे शिष्यरत्न कुठं दडवून ठेवलं होतंत?” मिर्थेने गुरूला मिठी मारली. “बाई, सगळं तुमच्यामुळंच!” डच रीतीप्रमाणे गालांवर तीन मुके घ्यावयाचे. दोन झाले. तिसऱ्याला आलेदाने तोंड फिरविले.