नदीत उतरलेल्या नायिका

तीन शतकांतल्या लोकप्रिय प्रेमकथांचा आमचा कोश छापायला जायचा होता. मी मूळ नोंद मोठ्याने वाचायची आणि टेबलापलीकडे वहिनींनी कच्ची छापील पानं तपासायची, अशी वाटणी होती. वहिनींची मान खाली, पेन्सिल ओळीवरून फिरत असायची.

"नायिका वर्षानुवर्षं वाट पाहते आणि अखेर नदीत उतरते," मी वाचलं.

कुणीतरी उसासा टाकला.

"वहिनी, मनाला काय लावून घेता? असल्या नायिका पैशाला पासरी!"

"मी कुठे? मला वाटलं, तूच."

दोघी हसलो. पण पुढच्या शतकातली नायिकाही वाट पाहून नदीतच उतरली, आणि उसासा पुन्हा आला. या वेळी वहिनींच्या खुर्चीमागून. तिथे नुसती भिंत होती.

तिसरी नोंद समोर होती, पण माझ्या तोंडून शब्द फुटेना.

वहिनींची पेन्सिल मात्र ओळीवरून सरकतच होती.

"आता कसं मन लावून वाचतेयस," त्या मान वर न करता म्हणाल्या. "फक्त अशी कानाशी येऊन वाचू नकोस गं. आणि केस आवर तुझे. ओलेचिंब लागतायत मानेला."