झाडावरच्या झांजा

नाताळच्या झाडावर लाल फितीने बांधलेल्या झांजांना हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती. सलोमीबाईंचे यजमान कीर्तनकार होते. ते गेल्यापासून त्यांच्या झांजा दर नाताळात अशा मुक्याच टांगलेल्या असत.

आज अंगणात येशूजन्माचं कीर्तन सुरू होणार, तोच आलेल्या कीर्तनकाराच्या साथीदाराच्या ध्यानात आलं, की आपल्या झांजा घरीच राहिल्या!

"आई, ताट-चमचा देऊ का त्यांना?" सून हसली.

"ताट बडवायला ते काय जेवायला बसलेत?" करंज्या तळता तळता सलोमीबाई उठल्या. पदराला हात पुसून त्यांनी फीत सोडली आणि झांजा साथीदाराच्या हाती दिल्या.

पहिल्या ठेक्यालाच त्यांचे डोळे भरून आले. मग हात आपोआप टाळ्या वाजवू लागले.

कीर्तन संपलं. साथीदाराने झांजा परत पुढे केल्या.

"ठेव बाबा तुझ्याकडेच. वाजत राहू देत," त्या म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या, "आणि अगं, त्या रिकाम्या फांदीला एक करंजी बांध."